अक्षराच्या कानांसाठी

जळकोट
६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

शरणु शरणार्थी. तुझे फोन येऊन राहिले ते दिसतात मला. उचलत नाही. आपण भाऊबहीण फोनवर बोलायला लागलो की दोघांचाही आवाज चढतो, आणि माझा आवाज चढला की अक्षरा भिंतीवर डोकं आपटून घेते. तुझ्या अंजूच्या साखरपुड्याहून परत आल्यापासून दोनदा असं झालं. म्हणून यापुढं तुला जे सांगायचं ते लिहून. पत्र पोचेपर्यंत राग थोडा बसतो म्हणतात. या वेळी बसलेला नाही.

मंगळवारी तिला घेऊन लातूरला निघाले होते, थेरपीच्या बाईंकडं. एसटी चुकली म्हणून खाजगी मिनीबस धरली. तिला खिडकीशी बसवलं, डोक्यावरून माझी ओढणी घातली. उदगीर सुटलं तोवर ठीक होती. मग मागच्या सीटवरच्या माणसानं मोबाईलवर रील लावले. एक संपलं की दुसरं, मोठ्या आवाजात. पुढं ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून निघत नव्हता. मी मागं वळून म्हणाले, "दादा, जरा बारीक करता का? लेकराला त्रास होतो." त्यानं अक्षराकडं बघितलं आणि म्हणाला, "एवढा त्रास होतो तर सोताची गाडी करून जावं."

तेवढ्यात ती किंचाळायला लागली. कानावर हात घट्ट, डोळे मिटलेले. मी धरायला गेले तर दंडाला चावली. एक बाई म्हणाली, बाहेरचं हाय, उतारा टाका. दुसरी म्हणाली, आईनंच वळण लावलं न्हाई. नळेगावच्या अलीकडं ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि म्हणाला, "ताई, उतरा. बाकीच्या पॅसेंजरला ताप कशाला?" भरलेल्या गाडीत आमच्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नाही, अण्णा. रील चालूच होतं.

फाट्यावर लिंबाखाली बसलो. गाडी लांब गेली तशी अक्षरा गप्प झाली आणि चपलेचा पट्टा उघड-बंद करत बसली, जसं काही झालंच नाही. मला रडू आलं नाही. राग आला. नऊ वर्षांच्या पोरीला बाहेरचं झालं म्हणणाऱ्यांना एवढंही कळू नये की तिला फक्त आवाज सहन होत नाही?

तुझं नांदेडला वजिराबादेत हेडफोनचंच दुकान आहे. प्रवासात बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन असतात म्हणे. तिच्या कानाला बसतील, टोचणार नाहीत, असे कोणते ते बघून पाठव. सल्ला नको.

अंबिका


नांदेड
१३ फेब्रुवारी

अंबिका,

पत्र मिळालं. दुकानात पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा गिऱ्हाइकं बघत राहिली. फोन उचलायचा सोडून हे काय नवीन काढलंस? अव्वा रोज विचारते, लेकीचा फोन का येत नाही. तिला काय सांगू?

सोबत डबी पाठवतोय. बारके बड्स आहेत, कानात बसवायचे. यात बाहेरचा आवाज खाऊन टाकायची सोय आहे. दिल्ली-मुंबईला विमानानं फिरणारे लोक माझ्याकडून हेच नेतात. एकदा बटण दाबलं की इंजिनची घरघर गायब. आमच्याकडच्यात याच्या वर माल नाही. पैशाचं विचारू नकोस.

आता थोरला भाऊ म्हणून सांगतो, रागावू नकोस. तू पोरीचे फार लाड करतेस. किंचाळली की तू लगेच उचलून बाजूला नेतेस, मग तिला सवय लागते. आमची अंजू लहानपणी रडायची, आपले आप्पा एकदा डोळे वटारायचे की गप. तिच्या हातात मोबाईल दे, आवडीची गाणी लावून दे, बसेल निवांत.

लग्नाची तारीख धरली, ८ मे. मंगल कार्यालय इथलंच. मुखेडची मंडळी हौशी आहेत. व्याही चन्नबसप्पांचं कापडाचं दुकान आहे, मोठा गोतावळा. बँड, डीजे, सगळं त्यांच्या मनासारखं ठरलंय. बाकी भेटीत बोलू.

महांतेश


जळकोट
२६ फेब्रुवारी

अण्णा,

तुझा विमानातला माल एसटीत चालला नाही.

पहिलं म्हणजे, तो तिच्या कानात थांबतच नाही. कानाचं भोक बारकं आहे तिचं. सगळ्यात लहान रबर लावून बसवला तर तिनं काढून फेकला. पुन्हा बसवला, पुन्हा फेकला. एक शिरूर ताजबंदच्या स्टँडवर सीटखाली गेला तो मिळालाच नाही.

दुसरं म्हणजे, उरलेला एक मी स्वतःच्या कानात घालून बघितला. तू कधी घालून बघितलास का, अण्णा? इंजिनची घरघर जाते, हे खरं. पण अक्षराला घरघरीचा त्रास कधी होता? तिला अचानकचा आवाज सोसत नाही. हॉर्न, भांडं पडलेलं, कुणाचं रील, कुणी मागून हाक मारलेली. घरघर गेली की ते सगळं आणखी टोकदार ऐकू येतं. रोज काचेच्या कपाटातून काढून लोकांना विकतोस आणि ते काय करतं, काय करत नाही, हे तुला ठाऊक नाही.

लाडाचं म्हणशील तर तुझ्या घरी मी शेवटचं साखरपुड्याला आले होते. स्पीकर सुरू झाला तशी तिला घेऊन गच्चीवर गेले आणि जेवणं होईपर्यंत पाण्याच्या टाकीमागं बसून राहिले. माझ्या भाचीच्या ओटीत मी फळ घातलं नाही. याला लाड म्हणत असतील तर म्हण.

आणखी एक. परवा वहिनींचा आमच्या यांना फोन आला होता. आडवळणानं बोलत होत्या, लग्नात गर्दी फार, पोरीला झेपणार नाही, अमरनाथभाऊ, तुम्ही आणि ती घरीच थांबलात तर अंबिकाला मोकळेपणानं येता येईल. हे वहिनींचं बोलणं आहे का तुझं? माझ्याशी बोलायला तोंड नाही म्हणून माझ्या नवऱ्याच्या खताच्या दुकानात फोन करता?

अंबिका


नांदेड
५ मार्च

अंबिका,

माझं बोलणं आहे. लपवायचं कारण नाही.

तुला वाटतं साऱ्या जगानं तुझ्या पोरीसाठी तोंड बंद करून बसावं. लग्नघर आहे. शेकड्यांनी माणसं येणार. अक्षता पडायच्या वेळी ती किंचाळली, तर लोक नवरीकडं बघतील का तिच्याकडं? साखरपुड्याला विहीणबाई हातातला पेढा तसाच धरून जिन्याकडं बघत राहिल्या होत्या. तू गच्चीवर होतीस, तुला दिसलं नाही. मी खाली होतो. मुलीच्या बापाची मान किती वाकते ते तुला कळायचं नाही.

एक दिवस. फक्त एक दिवस तिला घरी ठेव म्हणतोय, काय आकाश मागितलं का?

आणि दुकानदारी मला शिकवू नकोस. दुसरा मोठा हेडफोन पाठवतोय. पूर्ण कान झाकतो, पट्टीला मऊ गादी आहे, बॅटरी दिवसभर चालते. कंपनीच्या माणसाला विचारून घेतलाय. यानंही भागत नसेल तर दोष मालाचा नाही.

महांतेश


नांदेड
१५ मार्च

प्रिय आत्या,

बाबा तुला पत्रं लिहितात हे आज्जीनं सांगितलं. मीही लिहितेय. फोनवर हे सांगायला मला जमलं नसतं.

साखरपुड्याच्या दिवशी अक्षराला घेऊन तू वर गेलीस, तेव्हा आनंदराजच्या आईनं, माझ्या होणाऱ्या सासूनं, बाबांना विचारलं, "ती पोरगी कुणाची?" मी पाटावर बसले होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. बाबा म्हणाले, "ती होय? वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, त्यांची."

मी काही बोलले नाही. नवरीनं मान वर करायची नसते म्हणून नाही. मलाही त्या क्षणी बरंच वाटलं होतं, आत्या. रात्री त्याची किळस आली. आजवर तुला सांगायचा धीर झाला नाही.

काल मी आनंदराजला खरं सांगितलं. तो म्हणाला, "पण तुझ्या बाबांनी असं का सांगितलं?" त्यानं घरी सांगितलं तर काय होईल ठाऊक नाही. बाबांना अजून माहीत नाही.

तू अक्षराला घेऊन ये. मला ती लग्नात पाहिजे.

अंजू


जळकोट
१९ मार्च

महांतेश,

आज अण्णा लिहीत नाही.

भाडेकरूंची पोरगी. वरच्या मजल्यावरची.

ती जन्मली तेव्हा लातूरच्या दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेणारा तू होतास. तिचं नाव तू ठेवलंस. तिला स्वमग्नता आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी तू म्हणालास, घाबरू नको अंबिका, मी आहे. तू कुठं होतास ते आता कळलं.

त्यानंतरच्या सहा वर्षांत मला लोकांनी काय काय म्हटलं. बाहेरचं, करणी, मागच्या जन्मीचं पाप. पण ते म्हणताना ती माझी आहे एवढं तरी सगळ्यांनी मानलं. तिला माझ्यापासून तोडून दुसऱ्याच्या पदरात टाकणारा तू पहिला.

तुझा मोठा हेडफोन परत पाठवतेय. चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलते. अक्षरानं दचकून जमिनीवर टाकला. वजनानं पुढं घसरतो, पट्टी कानशिलावर आवळते, आणि उन्हात आत घाम साठतो. तुझ्या कंपनीच्या माणसाला सांग.

लग्नाला आम्ही तिघंही येणार नाही. पाहुण्यांना सांगायला तुला सोपं जाईल. भाडेकरू गावी गेलेत म्हणावं.

अंबिका


नांदेड
२४ मार्च

अंबिका,

झालं तुझ्या मनासारखं. काल मुखेडहून फोन आला, चन्नबसप्पांनी मला भेटायला बोलावलंय, आवाजात नेहमीची गोडी नाही. अंजूला विचारलं तर म्हणते, मी सांगितलं. एवढी हिंमत तिच्यात कुठून आली? तूच तिला पेटवलंस. तुझं लेकरू असं आहे म्हणून माझ्या लेकराचं घर मोडायचं का?

अव्वानं दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. "सख्ख्या नातीला भाडेकरू केलास, मंग मी कोन तुजी? मलाबी भाडं लाव," म्हणते.

लग्न मोडलं तर तुझं तोंड बघणार नाही.

महांतेश


नांदेड
१६ एप्रिल

अंबिका,

तुझं उत्तर आलं नाही. यायला पाहिजे होतं असंही नाही. पण अर्धवट कळलेलं बरं नाही म्हणून लिहितो. अंजू म्हणाली, तिनं तुला सांगितलं होतं, तू तिला नाही. ते मी चुकीचं लिहिलं.

मुखेडला मी मुद्दाम एसटीनं गेलो. गाडी असताना का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुझा परत आलेला हेडफोन बॅगेत होता. कंधारच्या पुढं तो कानावर चढवला. तू म्हणालीस तेच. घरघर गेली आणि मागच्या पोरांची गाणी, कंडक्टरची हाक, हॉर्न, सगळं सुईसारखं. अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागली. मी पन्नाशीचा माणूस. इतकी वर्षं हे विकतोय.

चन्नबसप्पांच्या बैठकीत घरची सगळी बसली होती. मी म्हणालो, ती माझ्या बहिणीची मुलगी आहे. विहीणबाईंनी विचारलं, "हे घराण्यात चालत येतं का?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही, डॉक्टरला विचारा, मी सोबत येतो. चन्नबसप्पा मात्र भडकले. म्हणाले, "पोरीचं राहू द्या, पाव्हणं. तुमी सख्ख्या बहिणीची लेक भाडेकरूची म्हणून सांगितली. उद्या आमच्या घरी अंजूवर कायी बिकट येळ आली, तर तिलाबी भाडेकरूच म्हणाल का? मग आमी कुणाच्या शब्दावर सून आणायची?"

चहा समोर होता, तो तसाच राहिला. निघताना कुणी दारापर्यंत आलं नाही.

नंतर कित्येक दिवस फोन नाही. तुझी वहिनी रडून राहिली. मग एका दुपारी आनंदराज एकटाच दुकानात आला. म्हणाला, "लग्न माझं आहे, मी करणार. आई-बाबा येतील. पण अक्षराला बोलवा, आणि तुम्हीच बोलवा." तारीख तीच आहे.

तुझ्या थेरपीच्या बाईंना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, मशीनवर काम करणारे लोक घालतात तसल्या कानावरच्या वाट्या बघा, लहान मुलांच्या मापाच्या. ना वायर, ना बॅटरी, ना गाणी. आत नुसता फोम. माझ्या दुकानात असलं काही नाही. सेफ्टीचा माल विकणाऱ्याकडून तीन जोड मागवले आणि बसस्टँडवर जाऊन एकेक घालून बसलो. लोक हसत होते. एक फार आवळत होता, एकाची वाटी उथळ, कान दुमडत होता. तिसरा पाठवतोय. त्यातही आवाज पूर्ण जात नाही, लांब गेल्यासारखा होतो, पण हॉर्नचं टोक मोडतं. एकदम घालू नका, बाई म्हणाल्या. घरात समोर ठेवून द्या, तिचं ती हात लावेपर्यंत.

मी अजून रागावलेलो आहे. तुझ्यावर किती, अंजूवर किती आणि माझ्यावर किती, ते कळत नाही. लग्नाला या. अक्षराला घेऊन या.

महांतेश


जळकोट
११ मे

अण्णा,

आम्ही न जेवता का निघालो ते वहिनींनी विचारलं म्हणे. तुलाच सांगते.

वाट्या तिनं पाच-सहा दिवस नुसत्या उंबऱ्यावर ठेवून बघितल्या. मग एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा स्वतः उचलून कानावर धरल्या. नांदेडच्या प्रवासात पूर्ण वेळ घालून बसली. अर्धापूरकडची म्हातारी शेजारी होती. तिनं विचारलं, "हे काय गं कानाला?" मी म्हणाले, आवाज सोसत नाही तिला. म्हातारी म्हणाली, "मलाबी न्हाई सोसत, बाई. पर मला कोन देतंय?" आणि केळ सोलून अक्षराच्या हातात दिलं. एवढंच. सहा वर्षांत पहिल्यांदा मी बसमध्ये पाठ टेकून बसले.

कार्यालयात आम्ही कडेच्या खांबाशी होतो. अक्षता पडताना बँड वाजला, ती हलली, पण किंचाळली नाही. माझ्या मुठीतले तांदूळ घेऊन एकेक दाणा फरशीवर मांडत होती. तेव्हा विहीणबाई आल्या. त्यांना माहीत होतं ती कोण, तरी चार बायांसमोर तुलाच विचारलं, "ही कुणाची?" तू म्हणालास, "माझी भाची." इतकं बारीक म्हणालास की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू गेलं नसेल. त्या म्हणाल्या, "काय?" मग तू पुन्हा सांगितलंस. "माझी भाची आहे. अंबिकाची मुलगी. अक्षरा." सगळ्या माना वळल्या. दुसऱ्यांदा सांगितलंस ते मी धरते. पहिलं नाही.

अंजू स्टेजवरून उतरून आमच्याकडं आली, अक्षराच्या शेजारी फरशीवर बसली, शालूची पर्वा न करता. तिच्यासाठी आले होते, ते झालं.

मग वरातीचा डीजे लागला. अण्णा, त्या आवाजाला वाट्या पुरत नाहीत. तो कानातून येतच नाही, छातीतून येतो. अक्षरा थरथरायला लागली, तिनं माझा पदर तोंडात कोंबला. आम्ही भटारखान्याच्या दारानं बाहेर पडलो, आणि यांनी जी पहिली गाडी दिसली तिला हात केला. तू डीजेच्या समोर उभा होतास. मी बघितलं, तूही बघितलंस. तू तो थांबवला नाहीस. थांबवशील असं मला वाटलंही नव्हतं, पण बघितलं ते सांगते.

राग गेलेला नाही. जाईल की नाही सांगता येत नाही. तू मुखेडला जाऊन खरं बोललास, ते मोडायला आलेलं लग्न सावरायला बोललास की तिच्यासाठी, हे मी रोज स्वतःला विचारते. तुला विचारत नाही. तू जे सांगशील त्यावर विश्वास ठेवायला मला अजून वेळ लागेल.

अव्वाला सांग, फोन करीन. तिच्याशी बोलताना माझा आवाज चढत नाही.

२० तारखेच्या मंगळवारी आम्ही लातूरला जाणार. सकाळची पहिली एसटी धरतो. यांना दुकान सोडून येता येत नाही. यायचं असेल तर आदल्या दिवशी जळकोटला ये. खिडकीशी ती, मधे मी, कडेला तू. रस्त्यात सल्ला देऊ नकोस. कुणी मोठ्यानं मोबाईल लावला, तर त्याच्याशी भांडू नकोस. तू ओरडलास तरी तिला तेवढाच त्रास होतो. नुसता बस. आणि कुणी विचारलं, ही कोण, तर सांग.

अंबिका